जुनं लष्करी विमान कोकणात पुन्हा उडवायचं असेल तर: कामाचा क्रम, ऋतूचं गणित आणि नेहमीच्या चुका

जुनं विमान हाती आलं की दोन गोष्टी ठरलेल्या. पहिल्याच रविवारी कुणीतरी म्हणतं, "दादा, जरा पंखा फिरवून बघू या का?" आणि महिन्याभरात त्याला नवा रंग लागतो. पंखा म्हणजे प्रोपेलर. पहिलीने इंजिन जातं. दुसरीने आतला गंज झाकला जातो आणि तो निवांत वाढत राहतो. कोकणात हे जास्त महाग पडतं, कारण इथे विमान नुसतं उभं असलं तरी झिजत असतं. वाऱ्यात मीठ, जून ते सप्टेंबर पाऊस, रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर.

म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. कुठला बोल्ट किती आवळायचा ते तुमच्या विमानाचं मॅन्युअल सांगेल. पण कुठल्या महिन्यात कुठलं काम हाती घ्यायचं हे त्यात सापडणार नाही. ते लिहिणाऱ्यांनी गुहागरचा जुलै पाहिलेला नव्हता.

उदाहरणं टायगर मॉथ, चिपमंक, एचटी-2, हार्वर्ड अशा पिस्टन इंजिनाच्या प्रशिक्षण विमानांची आहेत. जेट असेल तर हा लेख पुरणार नाही. बऱ्याच जुन्या जेटमध्ये इजेक्शन सीट (वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) असते आणि तिची स्फोटक काडतुसं अजून जिवंत असू शकतात. ती निकामी केल्याचा अधिकृत कागद हातात येईपर्यंत कॉकपिटमध्ये पायही टाकू नका.

## टप्पा 1: कागद आधी, पाना नंतर

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि लोक तो नेमका शेवटी ठेवतात.

पहिला प्रश्न मालकीचा. चौकात, शाळेच्या किंवा संस्थेच्या आवारात चौथऱ्यावर उभी असलेली लष्करी विमानं पुष्कळदा केवळ प्रदर्शनासाठी दिलेली असतात. ती ज्याच्या आवारात आहेत त्याला ती विकायचा अधिकार असेलच असं नाही. भंगाराच्या लिलावाची पावती म्हणजे उडवण्याची परवानगी नव्हे. लष्कराकडून तुमच्यापर्यंतची मालकीची साखळी एकही कडी न तुटता कागदावर दिसली पाहिजे.

दुसरा प्रश्न डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. भारतात नागरी विमान उडवायचं तर व्हीटी नोंदणी (व्हीटी हा भारतीय विमानांचा संकेत) आणि उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं. लष्करी विमानाला नागरी टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या रचनेला मिळालेली मान्यता) असतंच असं नाही. तुमचं विमान कुठल्या आधारावर प्रमाणित होणार, हे काम सुरू करण्याआधी लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. जुन्या फाइलींत 1934 च्या विमान कायद्याचे संदर्भ येतील. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आला असून तो 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. अर्ज करताना जुने नमुने उतरवून काढू नका.

तिसरा प्रश्न, सही कोण करणार? परवानाधारक विमान देखभाल अभियंता पहिल्या दिवसापासून सोबत हवा. "आधी काम उरकू, मग साहेबांना बोलावून सही घेऊ" हे चालत नाही. बंद केलेल्या पंखाच्या आत काय आहे ते न पाहता सही करणारा माणूस मिळालाच, तर त्याच्यापासून दूर राहा.

तांत्रिक कागद कुठून मिळवायचे? टायगर मॉथ आणि चिपमंकसाठी ब्रिटनमधली डी हॅविलँड सपोर्ट ही कंपनी अजून तांत्रिक पाठबळ देते आणि टेक्निकल न्यूज शीट (ताज्या तांत्रिक सूचनांची पत्रकं) काढते. एचटी-2 हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं. न्यूज शीट वगळून फक्त मूळ मॅन्युअलवर काम करणं धोक्याचं आहे. डिसेंबर 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथचा पंख हवेत निखळला आणि दोघे गेले. खालचे पंख धडाला जोडणाऱ्या दोन्ही आडव्या टाय रॉडना आट्यांच्या जागी आधीच थकव्याच्या चिरा गेलेल्या होत्या, असं तपासात निघालं. वरून बघून ते कुणालाही कळलं नसतं. असे भाग वयानुसार आणि तासांनुसार बदलायचे असतात, "चांगला दिसतोय" म्हणून ठेवायचे नसतात.

तपासा: मालकीचे कागद, डीजीसीएचं लेखी उत्तर, अभियंत्याचं नाव आणि चालू न्यूज शीटची यादी. चारही हातात नसतील तर थांबा.

## टप्पा 2: जागा आणि वर्षाचं वेळापत्रक

समुद्र दिसणारी शेड फोटोला छान असते, विमानाला नाही. किनाऱ्यालगत हवेतलं मीठ सगळ्यात जास्त असतं आणि जसजसं आत जावं तसतसं ते झपाट्याने कमी होतं. पाच-दहा किलोमीटर आत, मधे डोंगराची आड असलेली जागा मिळाली तर तीच घ्या. पण आत म्हणजे नदीकाठी नव्हे. जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते स्थानिक माणसाला विचारा आणि त्याच्या वरची पातळी धरा.

शेड वादळासाठी बांधा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा किती पत्रे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय. नुसत्या पत्र्याच्या शेडला दुसरा दोषही आहे. रात्री पत्रा गार होतो, आतून घाम धरतो आणि पहाटे विमानावर थेंब टपकतात. पत्र्याखाली उष्णतारोधक थर हवा. चिऱ्याच्या भिंती पाणी पितात, त्यांना आतून-बाहेरून गिलावा करून घ्या.

मोठ्या शेडच्या आत एक छोटी बंद खोली करा, पंखाचा एक सांगाडा मावेल एवढी. तिथे डीह्युमिडिफायर आणि दोन आर्द्रतामापक ठेवा. दोन अशासाठी, की एक बिघडला की दुसऱ्यावरून कळतं. सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. लाकूड, गोंद आणि डोप (पंखाच्या कापडावर मारायचं लुकण) यांचं सगळं भवितव्य त्या वहीत असतं.

आता वर्ष आखून घ्या. जून ते सप्टेंबर कागदपत्रं, धातूचे भाग, उपकरणं आणि बंद खोलीतलं इंजिनाचं काम. ऑक्टोबरमध्ये उकाडा असला तरी जमिनीत आणि भिंतींत ओल असते, त्या महिन्यात फक्त मोजमापं घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चिकटवणं, कापड चढवणं, डोप. मार्च ते मे जोडणी आणि चाचण्या. एखादं काम हंगामात हुकलं तर ते पुढच्या नोव्हेंबरवर गेलं असं समजा. रेटून नेऊ नका.

## टप्पा 3: मीठ उतरवा, आणि फक्त मीठ

विमान शेडमध्ये आल्यावरचं पहिलं काम धुणं. घासणं, खरवडणं, तेल लावणं सगळं नंतर. मिठावर तेल लावलं तर मीठ आत कोंडलं जातं.

पाणी कुठलं? किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. टीडीएस मीटरने मोजा. पहिल्या धुण्याला गोडं पाणी चालेल, शेवटचा हात मात्र आरओच्या पाण्याचा हवा. उच्च दाबाचा फवारा वापरू नका, सांध्यांत आणि बेअरिंगमध्ये पाणी घुसतं. घरची साबणाची पावडरही नको. विमानासाठीचं सौम्य क्लीनर खालून वर लावत जा म्हणजे ओघळांचे पट्टे पडत नाहीत, आणि धुताना वरून खाली या. जुनं कापड अंगावर असेल तर ते आधी उतरवा. पण उतरवण्यापूर्वी प्रत्येक शिवणीचा, पट्टीचा आणि झडपेचा फोटो काढा, पुढे ते फोटो मॅन्युअलइतकेच लागतात.

धुण्याआधी आत डोकावून बघा. बंद विमान म्हणजे उंदीर, पाली, कधी सापसुद्धा. उंदराच्या मुताने अॅल्युमिनियमला भोकं पडतात, तेव्हा घरटं सापडलं की त्याखालचा पत्रा खुणेने नोंदवा. पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) आणि इंधन टाकीचा वायुमार्ग कुंभारीण माशीने मातीने लिंपलेला असतोच. ती माती आत ढकलू नका, नळी काढून उलट बाजूने साफ करा.

सावधान: दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या उपकरणांच्या तबकड्यांवरचा चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. चमक विझली तरी किरणोत्सार शेकडो वर्षं राहतो. काच उघडू नका, तबकडी घासू नका. उपकरणं वेगळी बंद करून ठेवा, रेडिएशन मीटरने तपासून घ्या आणि विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणेच करा. इंजिनामागच्या भिंतीत आणि एक्झॉस्टजवळ अॅस्बेस्टॉस असू शकतो. जुन्या हिरवट-पिवळ्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं, तो कोरडा घासला तर विषारी धूळ उडते.

## टप्पा 4: सोडवणं, खुणा, यादी

एका वेळी एकच विभाग सोडवा. प्रत्येक भागाला धातूचं लेबल बांधा, कारण कागदी लेबल कोकणात पहिल्याच पावसात पिठूळ होतं. बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याची नोंद त्याच पिशवीत टाका.

इथली मोठी चूक पान्याची. ब्रिटिश विमानांत बीएसएफ आणि बीए आटे असतात, अमेरिकन हार्वर्डमध्ये वेगळे. गावातल्या गॅरेजचा मेट्रिक पाना "जवळजवळ बसतो" आणि षट्कोनाचे कान गोल करून टाकतो. व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्यांचा संच आधी मागवा. जाम बोल्टला भेदक तेल घालून दोन-तीन दिवस थांबा. लाकडी स्पारमधून (पंखाची लांब मुख्य तुळई) जाणाऱ्या बोल्टला मात्र तेल किंवा गॅसची ज्योत बिलकुल नाही. तेल प्यायलेलं लाकूड गोंद धरत नाही.

काढलेला प्रत्येक बोल्ट बदलायचा असं धरून चाला, आणि नवा बोल्ट प्रमाणपत्रासहच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत बोल्ट विमानात जात नाही. जुने बोल्ट स्थानिक प्लेटिंगवाल्याकडे देऊन चमकवणं तर आणखी वाईट. प्लेटिंगच्या वेळी उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि त्यानंतर लगेच ठरलेल्या तापमानाला भट्टीत भाजून तो काढला नाही तर बोल्ट एके दिवशी काचेसारखा तुटतो.

तपासा: सगळे भाग सुटल्यावर यादी करा: ठेवायचे, दुरुस्तीचे, बदलायचे. बदलायच्या यादीतला एखादा मुख्य भाग जगात कुठेच मिळत नाही असं दिसलं तर पैसे घालण्याआधी इथेच थांबून विचार करा. विमान प्रदर्शनासाठी सजवणं हाही सन्मानाचा मार्ग आहे. काही कामं बाहेर पाठवावी लागतील, त्यात कमीपणा नाही. हवाई दलाचा "परशुराम" हा डकोटासुद्धा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन 2018 मध्ये तिथूनच उडत आला.

## टप्पा 5: धातू

अॅल्युमिनियमवर गंज म्हणजे पांढरी पूड. वरवरची पूड फारशी घाबरण्यासारखी नाही. घाबरायचं ते रिव्हेटच्या डोक्याभोवती रंग फुगला असेल तर, किंवा पत्र्याच्या कडेला पापुद्रे सुटत असतील तर. पापुद्रे म्हणजे धातू आतल्या कणांच्या सीमांवरून पोखरला गेलाय. तो भाग घासून बरा होत नाही, बदलायचा.

घासताना पोलादी ब्रश किंवा स्टील वूल वापरू नका. पोलादाचे बारीक कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि खाऱ्या हवेत प्रत्येक कण नवा गंज सुरू करतो. नायलॉनचा अपघर्षक पॅड वापरा. विमानाच्या पत्र्यावर बहुधा शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, तोच त्याचं कवच. आरशासारखा चकचकीत करायच्या नादात ते कवचच उडवून टाकलेली विमानं पाहिली आहेत. घासून झाल्यावर उरलेली जाडी मोजा आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा.

पोलादी नळ्यांचा सांगाडा असेल तर बाहेरचा रंग काहीच सांगत नाही. पाणी आतून खाली उतरतं आणि विमान शेपटीवर बसलेलं असल्याने शेपटीजवळच्या खालच्या नळ्यांत साचतं. तिथे अल्ट्रासॉनिक गेजने दर काही सेंटिमीटरवर जाडी मोजा, नळीच्या तळाच्या रेषेवर मुद्दाम. हातोडीने हलकेच वाजवत गेलात तर चांगल्या नळीचा टणत्कार आणि पोखरलेल्या नळीचा बद्द आवाज यांतला फरक कानाला कळतो. पण सही गेजच्या आकड्यावर होते, आवाजावर नाही. नळी बदलल्यावर आत गरम केलेलं जवसाचं तेल फिरवून निथळवतात आणि भोकं बंद करतात. ही जुनी पद्धत इथे अजूनही उत्तम.

परत जोडताना पोलाद आणि अॅल्युमिनियम कोरडे भिडू देऊ नका. दोन धातूंच्या मध्ये खारट ओल आली की तिथे विजेचा घट तयार होतो आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. प्रत्येक जागी जॉइंटिंग कंपाउंड लावून ओलं असतानाच जोडा.

## टप्पा 6: लाकूड

टायगर मॉथच्या पंखांचे स्पार स्प्रूसचे. कोकणात हात चांगले आहेत, मालवण-विजयदुर्गकडच्या बोटी बांधणाऱ्या सुतारांची सफाई विमानाला साजेशी आहे. पण त्यांचं लाकूड नव्हे. "साग घाला, शंभर वर्षं हलणार नाही" हा सल्ला बोटीला खरा. सागाचं वजन आणि लवचिकता वेगळी, त्यात त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंदाची पकड कमी. मान्यताप्राप्त आणि प्रमाणपत्र असलेलंच लाकूड घ्या.

जुना स्पार तपासताना तिरप्या उजेडात बघा. रेषांना आडवी जाणारी केसासारखी बारीक सुरकुती दिसली तर ती दाबाची चीर. स्पार बाद. बोल्टच्या भोकांभोवती काळपटपणा म्हणजे लोखंडाचा गंज आणि ओल मिळून लाकूड कुजतंय. टोचणीने दाबा. चांगलं लाकूड टोचताना करकरतं आणि लांब धागा सुटतो, कुजलेल्याचा आखूड तुकडा निघतो.

जुना गोंद केसिनचा असेल तर तो दुधापासूनचा असतो. ओलीत त्याला बुरशी लागते आणि तो पिठूळ होतो. चार-सहा सांधे चाकूच्या पात्याने उघडून पाहा. एकही सांधा लाकडाचा धागा न सोडता गोंदातून सुटला तर बाकीचे "धरून आहेत" असं मानू नका, सगळे उघडा.

आता ओलीचं गणित. विमानाच्या लाकडात ओल साधारण 8 ते 12 टक्के हवी. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड जवळपास 12 टक्क्यांवर स्थिरावतं. ती 90 टक्के असेल तर लाकूड 20 टक्क्यांकडे जातं. म्हणजे ऑगस्टमध्ये उघड्या शेडमध्ये चिकटवलेली रिब (पंखाला आकार देणारी आडवी फासळी) जानेवारीत आकसणार आणि सांध्यावर ताण येणार. लाकूड बंद खोलीत आणून काही आठवडे मुरू द्या, ओलमापकाने मोजा, मगच कापा. जोडाच्या तिरप्या सांध्याचा उतार 1 ला 12 ठेवा, 1 ला 10 पेक्षा तीव्र कधीच नको. गोंदाच्या प्रत्येक घाण्याबरोबर त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवून ठेवा आणि वाळल्यावर तोडून बघा. लाकूड फाटलं तर पास, गोंद सुटला तर त्या दिवसाचं सगळं काम परत.

तपासा: कापड चढवण्याआधी अभियंत्याने प्रत्येक सांधा पाहून सही केली का? सगळे फोटो काढले का? झाकल्यावर आत बघता येणार नाही.

## टप्पा 7: कापड आणि डोप

मूळ कापड लिनन किंवा सुती. आता बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त पॉलिएस्टर वापरतात, ते ओलीला भीत नाही. पॉलिएस्टर इस्त्रीने ताणतात आणि इथे घाई नडते. घरच्या इस्त्रीच्या खुणांवर भरवसा ठेवू नका, तापमापकाने तपासून घ्या. पहिला हात साधारण 120 अंश सेल्सिअसला, शेवटचा 175 च्या आसपास, अचूक आकडे त्या कापडाच्या मॅन्युअलप्रमाणे. त्यावर गेलात तर कापड ढिलं पडतं आणि पुन्हा ताणलं जात नाही. नाजूक कडा आधीच जास्त ताणली तर सांगाडा वाकतो.

मग रिबला कापड शिवायचं. मेण लावलेला दोरा पंखाच्या वरून खाली, रिबला वळसा घालून, प्रत्येक टाक्याला गाठ. जाळी विणणारा माणूस ही गाठ एका दुपारी शिकतो, आमच्याकडे हे काम दर्यावर्दी घरातल्या बायकांनी सगळ्यात सुबक केलं. टाक्यांतलं अंतर मॅन्युअलप्रमाणे. पंख्याच्या झोतात येणाऱ्या रिबवर ते कमी असतं, आणि विसरलं जातं ते नेमकं तिथेच.

डोप मारताना हवा दमट असेल तर द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि पांढुरके डाग उमटतात. तो डाग म्हणजे नुसती कुरूपता नाही, तिथला थर कमजोर असतो. "पावसाळ्यात डीह्युमिडिफायर लावून मारू" असं प्रत्येक जण म्हणतो. जमत नाही. डोपची वाफ ज्वालाग्राही, त्यामुळे ती बाहेर काढायला एक्झॉस्ट लागतो, आणि एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच ओली हवा आत ओढतो. म्हणून डोपचं काम डिसेंबर-जानेवारीत, सकाळचं दव उडाल्यावर, आर्द्रता 65 च्या खाली असेल त्या तासांत.

सावधान: नायट्रेट डोप पेट्रोलसारखा पेटतो. साधी विजेची मोटर, मोबाइल चार्जर, डीह्युमिडिफायर सगळं खोलीबाहेर. जमीन ओली ठेवा, अंगात सुती कपडे, विमान जमिनीला तारेने जोडलेलं.

तपासा: प्रत्येक कप्प्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी निथळायचं भोक आहे का? भोकाभोवतीची कडी चिकटवलेली असते आणि आतलं कापड मात्र कापायचं राहून जातं. कोकणात एका पावसाळ्यात त्याची किंमत कळते.

## टप्पा 8: इंजिन, पंखा, इंधन

इंजिन शेवटपर्यंत फिरवायचं नाही. टायगर मॉथ आणि चिपमंकचं जिप्सी मेजर इंजिन उलटं असतं, सिलिंडरची डोकी खाली. उभ्या इंजिनात वर्षानुवर्षं तेल झिरपून त्या डोक्यांत साचतं. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे पंखा जोराने फिरवला की कनेक्टिंग रॉड वाकतो. हार्वर्डच्या रेडियल इंजिनात खालच्या सिलिंडरचं तेच.

आधी सगळे प्लग काढा, तेल निथळू द्या, बोरस्कोपने (आत घालायचा नळीचा कॅमेरा) प्रत्येक सिलिंडरची भिंत पाहा. गंजाचे खड्डे दिसले तर फिरवणं रद्द, इंजिन उघडा. क्रँकशाफ्ट, रॉड आणि बोल्ट यांची चिरांसाठी चुंबकीय तपासणी मान्यताप्राप्त ठिकाणीच. मॅग्नेटोच्या (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) गुंडाळ्यांचं जुनं आवरण दमट हवेत मऊ पडतं. थंड असताना ठिणगी देतो आणि तापल्यावर मरतो. म्हणून तो तापवून तपासा.

पेट्रोल पंपावरचं पेट्रोल नको. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी भाग आणि टाकीचं सीलंट खातं, हवेतली ओलही ओढतं. एव्हिएशन गॅसोलिनची सोय आधी लावा, कोकणात ते हाताशी मिळत नाही. टायगर मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मध्यात असते आणि इंधन नुसत्या उतारावर येतं. तेव्हा कार्ब्युरेटरची नळी सोडून, विमान चढणीच्या कोनात ठेवून बादलीत प्रवाह मोजा. उताराच्या पद्धतीत तो टेकऑफला लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट असावा.

लाकडी पंखा ऋतूप्रमाणे फुगतो, आकसतो. पावसाळ्यात आवळलेले बोल्ट जानेवारीत सैल होतात.

## टप्पा 9: जोडणी, तोल, कंट्रोल

पाणसळ आणि ओळंबा ही गवंड्याची हत्यारं इथे लागतात. आधी धड समपातळीत, मग मधला भाग, मग पंखांचा कोन, शेवटी वायरींचा ताण. एक वायर आवळली की दुसरी बदलते, म्हणून दोन्ही बाजू थोड्या थोड्या करत या.

वजन शेडमधले हवेचे पंखे आणि दारं बंद करून, तीन काट्यांवर, विमान समपातळीत ठेवून. रंगाचे जास्तीचे हात शेपटीकडे गेले असतील तर गुरुत्वमध्य मागे सरकलेला असतो. तो मर्यादेबाहेर असेल तर रंग काढा, वजनं बांधून वेळ मारू नका.

कंट्रोलच्या केबल उलट जोडल्या जाणं हा जगभरातला जुना आणि जीवघेणा प्रमाद आहे. काठी डावीकडे, डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची झडप) वर. काठी मागे, एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) वर. एकाने कॉकपिटमध्ये बसून मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून डोळ्यांनी पाहून उत्तर द्यायचं. मग तिसऱ्या, ज्याने जोडणीत हात लावला नाही अशा अधिकृत माणसाने पूर्ण तपासणी पुन्हा करायची. दोन्ही सह्या वहीत.

## टप्पा 10: जमिनीवरून हवेत

पहिल्या स्टार्टला शेपूट जमिनीला बांधलेली, चाकांना ठोकळे, अग्निशामक हातात, बघ्यांना दोरीच्या मागे. मॅग्नेटोचा स्विच बंद असला तरी त्याची तार तुटलेली असू शकते, तेव्हा पंखा नेहमी "जिवंत" समजूनच हात लावा. तीस सेकंदांत तेलाचा दाब वर आला नाही तर बंद. मग तेल गाळून कण पाहा.

टॅक्सीचं इथे खास दुखणं आहे. मूळ टायगर मॉथला ब्रेक नाहीत आणि मागे चाकाऐवजी लोखंडी घसर. ते गवताळ मैदानासाठी बनलेलं विमान. आपल्याकडे रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाची, चिपी प्रवासी विमानतळ, आणि दोन्हीकडे पक्की धावपट्टी. त्यावर घसर झिजते, विमान वाऱ्यात वळतं आणि थांबत नाही. मागचं चाक आणि ब्रेक यांचा मान्य बदल करायचा असेल तर तो टप्पा 1 मध्येच अर्जात घालायला हवा होता. आता आठवलं तर पुन्हा कागदांकडे जा.

पहिलं उड्डाण हिवाळ्यात सकाळी, मतलई वारा मंद असताना. दुपारकडे खारे वारे जोर धरतात आणि हलकं विमान आडव्या वाऱ्यात सापडतं. वैमानिक त्या जातीच्या विमानावर उडालेला असावा. जिप्सी मेजरचा पंखा अमेरिकन इंजिनांच्या उलट फिरतो, त्यामुळे सेस्नावर हात बसलेल्याचा पाय टेकऑफला सवयीने चुकीच्या बाजूला जातो.

इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं हे आदल्या आठवड्यात मोटरसायकलवरून फिरून ठरवा. वरून सडे (जांभ्याची उघडी पठारं) सपाट दिसतात, पण मधे चिरेखाणींचे सरळ कापलेले खड्डे असतात आणि गवत वाढलं की ते दिसत नाहीत. दोन-तीन जागा पायी चालून नक्की करा, वैमानिकाच्या नकाशावर खूण करा, आणि पहिली उड्डाणं इंजिन बंद पडलं तरी तरंगत विमानतळावर परतता येईल एवढ्या टप्प्यातच. समुद्रावर जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.

उतरल्यावर लगेच कव्हर उघडून तेलगळती, एक्झॉस्टच्या चिरा आणि वायरींचा ताण बघा. त्याच दुपारी खालचा भाग गोड्या पाण्याने पुसा. पंख्याचे बोल्ट पहिल्या उड्डाणानंतर आणि पुढे मॅन्युअलने सांगितलेल्या तासांना पुन्हा टॉर्क करा, आणि दर ऋतूबदलाला एकदा, तास झाले नसले तरी.